अंधारलेला पडदा

भोपाळ शहरात अरेरा टेकडीच्या परिसरात चार इमली नावाची एक वसाहत आहे. इमली म्हणजे चिंच. तेव्हा मराठी माणसाने ह्या जागेला चार चिंचा म्हणावयास हरकत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी ठरली, आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुराहून दप्तरे व दप्तरे सांभाळणारी माणसे इकडे आली. त्यांत मराठी घरेही होती. पुढे वल्लभ भवन, सातपुडा भवन, विंध्याचल भवन अशी मोठाली कार्यालये ह्या टेकडीवर उभी राहिली आणि चार इमलीत सरकारी अधिकाऱ्यांचे बंगले वसले. कागदाच्या फायलीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंतचा कारभाराचा सारा प्रवास ह्या एका परिसरात पाहावयास मिळतो.

अशा एखाद्या घरी आज घडणारा एक प्रसंग पाहावा. संगणक पाचसहा वर्षांचा झालेला आहे. मुलाच्या हट्टाखातर, किंवा नकाशे व चित्रे रेखण्याच्या कामासाठी, त्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले जाते. स्क्रू आवळले जातात, बटन दाबले जाते. आतले पंखे फिरू लागतात, समोरचा दिवा लागतो. मॉनिटर मात्र काळाच राहतो. फार तर त्याच्यावर ‘नो सिग्नल’ अशी दोन शब्दांची पाटी क्षणभर झळकते आणि पुन्हा अंधार होतो. चालत होते ते कशाला उघडलेत, असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न त्या वेळी ठरलेलाच.

पडदा काळा झाला म्हणजे यंत्र बिघडले, असा समज सर्वसाधारण आहे. तो बहुधा खोटा ठरतो. यंत्र चालू असते, हिशेब करीत असते, कदाचित पासवर्डाची वाटही पाहत असते. केवळ त्याचे लिहिणे कोणाच्या दृष्टीस पडत नसते. याची एक साधी परीक्षा दुरुस्तीच्या दुकानांतून पूर्वापार चालत आली आहे. कीबोर्डावरील नम लॉकची कळ दाबावी. तिच्यावरचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जिवंत आहे आणि दोष पडद्यापर्यंतच्या वाटेवर आहे असे जाणावे. ही वाट एका दिवसात बांधली गेलेली नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिच्यावर एकेक नाका बसत गेला, आणि आजचा अंधार ह्यांपैकी कोणत्यातरी एका नाक्यावर झालेली अडवणूक असते. म्हणून त्याचे निदान करावयाचे तर थोडा इतिहास पाहणे अपरिहार्य आहे. हा इतिहास परदेशात सुरू होत असला तरी तो मुंबई, कानपूर, पुणे, वर्धा अशा गावांवरूनही गेलेला आहे.

आरंभी संगणकाला पडदाच नव्हता. छिद्रे पाडलेली कागदी पट्टी आत जाई आणि टंकलेला कागद बाहेर येई. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांनी जे पहिले मोठे देशी यंत्र बांधले, ते १९६० साली कामास लागले. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २७०० निर्वात नळ्यांच्या ह्या यंत्राला कॅथोड किरण नळीचा एक पडदाही जोडलेला होता, आणि त्यावर अक्षरे व आलेख उमटत. जगातल्या फार थोड्या यंत्रांना त्या काळी ही सोय होती. तेथे पडदा काळा झाला तर बिचारा ग्राहक कोड्यात पडत नसे, कारण ज्यांनी यंत्र बांधले तेच त्याच्यासमोर बसत, आणि कोणती तार कोठून कोठे जाते हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

हे चित्र पालटले ते १२ ऑगस्ट १९८१ रोजी, आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा. ह्या यंत्राच्या मुख्य पाटीवर पडद्याची काहीच व्यवस्था नव्हती. ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे एक वेगळे कार्ड विकत घेऊन ते आतल्या खाचेत बसवावयाचे, अशी योजना होती. कार्डे दोन प्रकारची होती. एक केवळ अक्षरांसाठी, एकरंगी, दुसरे रंगांसाठी. पहिल्याची अक्षरे सुबक, पण त्याला चित्र काढता येत नसे. दुसरे चित्र काढी, पण त्याची अक्षरे भरड दिसत. ग्राफिक्स कार्ड नावाची स्वतंत्र वस्तू सर्वसामान्यांच्या घरी आली ती येथून, आणि कार्ड बदलल्यावर पडदा अंधारण्याची पीडाही तिच्याबरोबरच आली.

ह्या पहिल्या यंत्रातील व्यवस्था मोठी बोधक आहे. मुख्य पाटीवर नखाएवढ्या खटक्यांच्या दोन ओळी होत्या. त्यांतले दोन खटके यंत्राला सांगत, की आत कोणते कार्ड आहे. कार्ड बदलले आणि खटके तसेच राहिले, म्हणजे यंत्र नसलेल्या कार्डाला जागे करू पाही. मग आतल्या लहानशा कर्ण्यातून एक लांब आणि दोन आखूड शिट्या निघत, आणि पडदा काळाच राही. त्या शिट्यांचा अर्थ जाणणारा कारागीर कॅबिनेट न उघडताच दोष ओळखी. पडदा मुका झाला तरी यंत्राने बोलावे, म्हणून केलेली ही तरतूद होती. ती योजणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे कौतुक केले पाहिजे. पुढे अनेक यंत्रांतून हा कर्णाच गायब झाला, आणि दुरुस्ती करणाराचा एक कान गेला.

ह्याहून मौजेची गोष्ट अशी, की ही दोन्ही कार्डे एकाच यंत्रात शेजारी शेजारी बसू शकत. एकरंगी कार्डाची स्मृती एका पत्त्यावर, रंगीत कार्डाची दुसऱ्या. त्यामुळे दोन मॉनिटर जोडून कामे चालत. पण याच सोयीमुळे एक नवा गोंधळही जन्मास आला: यंत्र एका कार्डावर लिहीत असे आणि माणूस दुसऱ्या कार्डाच्या पडद्याकडे पाहत बसे. आज चार इमलीत असो की चिंचवडात, नवे कार्ड बसवल्यावर पडदा अंधारण्याचे जे सर्वांत सामान्य कारण आढळते, ते नेमके हेच आहे. त्याची चर्चा पुढे येईलच.

त्या काळी अंधाराबरोबर धोकाही होता. दोन्ही कार्डांच्या मागे सारखीच नऊ टाचण्यांची खोबण होती, पण त्यांतून निघणारे संकेत वेगळे. एकरंगी मॉनिटराला सेकंदाला सुमारे १८,४०० रेघांचा ठेका हवा, तर रंगीत कार्ड सुमारे १५,७०० चा देई. तार बसते म्हणून ती जोडली, आणि ठेका चुकला, तर मॉनिटराच्या आतला भाग तापून जळण्याची भीती असे. नंतरच्या मॉनिटरांना परका संकेत ओळखून नाकारण्याची बुद्धी दिली गेली. आज पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ अशी अक्षरे येतात, ती त्या नकाराची. त्या अक्षरांमागे एका जुन्या होरपळीचा अनुभव आहे.

आता ज्या भागात मराठी व हिंदी वाचकांचे खरे हित गुंतलेले होते, त्याकडे वळावयास हवे. आयबीएमच्या एकरंगी कार्डाने पडद्याचे ८० रकाने व २५ ओळी केल्या होत्या. म्हणजे एकूण २००० चौकटी, आणि प्रत्येक चौकट ९ ठिपके रुंद व १४ ठिपके उंच. कोणत्या चौकटीत कोणते अक्षर एवढेच यंत्र सांगे. अक्षराचा आकार कार्डातल्या कायमच्या चिपमध्ये कोरलेला असे. तो आकार रोमन लिपीचा. अशा चौकटीत देवनागरी कशी बसवावी? वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, मधे शिरोरेखा, खाली उकार आणि ऋकार. चौदा ओळींपैकी वरचे व खालचे बिऱ्हाड वजा केले, तर मूळ अक्षराच्या वाट्याला पाचसहा ओळी उरणार. रंगीत कार्डाची चौकट तर आठ ठिपक्यांचीच होती. तिच्यात ‘क्षु’ किंवा ‘र्ष्णी’ मावणे अशक्य. शिवाय यंत्राचा हिशेब एका चौकटीला एक अक्षर असा, आणि देवनागरीत तीन-चार वर्ण मिळून एक जोडाक्षर होते.

हा प्रश्न एकट्या भारताचा नव्हता. १९८२ साली अमेरिकेत हर्क्युलिस नावाचे कार्ड निघाले, त्याचा जनक व्हॅन सुवण्णुकूल हा थाई लिपीत काम करू पाहणारा अभ्यासक होता. आपल्या प्रबंधासाठी त्याला थाई अक्षरे पडद्यावर हवी होती; एका कार्डात ती बसत नव्हती आणि दुसऱ्यात नीट दिसत नव्हती. म्हणून त्याने आडवे ७२० व उभे ३४८ असे ठिपके, प्रत्येक स्वतंत्रपणे उजळता येईल असे, कार्ड तयार केले. पुढे ते जगभर हिशेबाच्या व आलेखांच्या कामी वापरले गेले. एका पौर्वात्य लिपीच्या गरजेतून पाश्चात्त्य कचेऱ्यांची सोय झाली, ही हकीकत संगणकाच्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगितली जावयास हवी होती.

भारतात ह्या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे सुचवली गेली. पहिले उत्तर लिपीलाच कात्री लावण्याचे. ते संगणकाच्या फार आधीपासूनचे आहे. छापखाना आणि टंकलेखनयंत्र यांच्या सोयीसाठी सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी महाराष्ट्रात अनेकांनी पाहिलेली आहे, त्या सुधारणेमागे राष्ट्रीय तळमळ होती यात संशय नाही. तथापि यंत्र लंगडे म्हणून माणसाने लंगडत चालावे, असा तो न्याय होता. दुसरे उत्तर यंत्राला लिपी शिकवण्याचे. ते अधिक कष्टाचे, आणि कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ते कष्ट घेतले गेले. देवनागरी चालवणारा एक संगणक-टर्मिनल तेथे तयार झाला आणि १९८३ मध्ये दिल्लीस भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात लोकांनी तो पाहिला.

मार्च १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याची कीर्ती झाली ती १९९१ च्या ‘परम’ महासंगणकामुळे आणि विजय भटकर यांच्या नावामुळे. पण त्याच संस्थेत कानपूरहून आलेले एक लहानसे काम मोहन तांबे व त्यांचे सहकारी वाढवीत होते. त्याचे नाव जिस्ट: ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. ह्या तंत्राचे मूर्त रूप म्हणजे एक कार्ड. ते संगणकाच्या रिकाम्या खाचेत बसवावयाचे. मग डीबेस, लोटस, वर्डस्टार असले इंग्रजीसाठी रचलेले कार्यक्रम, त्यांच्यात काडीचाही बदल न करता, मराठीत, हिंदीत, बंगालीत किंवा तमिळमध्ये चालत. कार्यक्रमाला वाटे आपण अंक मोजतो आहोत. त्या अंकांना अक्षररूप देणे, जोडाक्षर जुळवणे, वेलांटी योग्य बाजूस नेणे हे सारे कार्ड करी. महासंगणकाची जेवढी वाखाणणी झाली तेवढी ह्या हातभर पाटीची झाली नाही, आणि तरीही कचेरीतल्या कारकुनाच्या आयुष्यात कोणी अधिक फरक पाडला, असे विचारले तर उत्तर बहुधा ह्या पाटीच्या बाजूने येईल.

ह्या कार्डामागे दोन मानके होती, तीही लक्षात घेण्यासारखी आहेत. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच संकेतांकमाला, हे ‘इस्की’चे तत्त्व, ती १९८८ मध्ये सुधारली गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मान्यता दिली. आणि डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने अशी ‘इनस्क्रिप्ट’ कळांची रचना, जी १९८६ मध्ये ठरली. ह्या मालेत हिंदीला न लागणारा, पण मराठीचे ज्याच्यावाचून पान हलत नाही तो ‘ळ’ आरंभापासून होता. ही बाब क्षुल्लक वाटेल. ती तशी नाही.

१९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची योजना प्रायोगिक स्वरूपात आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता आणि मध्य प्रदेशातील मुरैना होता. वर्ध्याचा सातबारा मराठीत, मुरैन्याचा खसरा हिंदीत. लिपी दोघांची देवनागरी. रोमन लिपीत लिहिल्यास ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन नावे एकच होतात. एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे दिसू लागण्यास एवढे पुरे. ज्या शेतकऱ्याच्या नावे नोंद आहे त्याला ती वाचता आली पाहिजे, आणि तलाठ्याने लिहिले तेच पडद्यावर दिसले पाहिजे, ही त्या कामाची पहिली अट होती. अशा कामांसाठी जिस्टसारखे कार्ड हवे होते. मध्य प्रदेशाने १९५७ च्या कायद्याने हिंदीला आणि महाराष्ट्राने १९६४ च्या अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान दिले खरे, परंतु संगणकाच्या पडद्यावर ते स्थान मिळण्यास असे एक कार्ड खाचेत बसावे लागले. तेथे पडदा अंधारला म्हणजे एका खेळाचा खोळंबा होत नसे. ज्या यंत्रावर नोंदी होत त्याच्या दाराशी रांग थांबे.

त्या काळातील कार्डे बसवणे म्हणजे हातघाईचे काम असे. प्रत्येक कार्डाला स्मृतीतला एक पत्ता आणि यंत्राचे लक्ष वेधण्यासाठी एक क्रमांक लागे. तो कार्डावरच्या काळ्या टोपणांनी, म्हणजे जंपरांनी, ठरवावा लागे. दोन कार्डांना एकच पत्ता मिळाला की दोघेही गप्प. म्हणून वाकबगार माणूस नव्या कार्डाबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचत असे आणि स्क्रू-ड्रायव्हर मग हातात घेत असे.

दरम्यान पाश्चात्त्य देशांत कार्डाची घडण बदलत होती. १९८४ मध्ये आलेल्या ईजीए कार्डाने स्वतःला जागे करण्याच्या सूचना स्वतःच्याच चिपमध्ये बरोबर आणल्या. मुख्य यंत्राने त्या वाचावयाच्या आणि त्याप्रमाणे वागावयाचे. १९८७ मध्ये व्हीजीए आले. त्याची पंधरा टाचण्यांची निळी खोबण पुढे पंचवीस-तीस वर्षे जगभर टिकली, आणि सरकारी कचेऱ्यांतील मॉनिटरांमागे ती आजही दिसते. १९९४ पासून मॉनिटरही आपली ओळख कार्डाला सांगू लागला: माझी उंची-रुंदी अमुक, मला झेपणारा ठेका तमुक. ही ओळखपाळख तारेतल्या बारीक टाचण्यांतून होते. त्यांतली एखादी वाकली किंवा मधे जोडलेले स्वस्त ॲडॅप्टर मुके असले, तर कार्डाचा गैरसमज होतो, आणि चित्र एक तर चुकीचे येते किंवा येतच नाही.

१९९६ मध्ये व्हूडू नावाचे एक कार्ड खेळांसाठी प्रसिद्धीस आले, त्याची तऱ्हा न्यारी होती. ते नेहमीच्या कार्डाला हटवीत नसे. पहिल्या कार्डाची तार ह्या दुसऱ्या कार्डात न्यावयाची आणि तेथून मॉनिटराला जोडावयाची. ती मधली आखूड तार जोडण्यास विसरले की पडदा काळा. त्यानंतर खाचाच बदलल्या. १९९७ च्या सुमारास एजीपी आली, तिच्यात ३.३ व्होल्टची आणि १.५ व्होल्टची अशी दोन कुळे होती, आणि चुकीचे कार्ड शिरू नये म्हणून खाचेत दाते ठेवले होते. २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस रुजली, आणि तीच आजतागायत चालू आहे.

देवनागरीच्या कार्डाचे मात्र ह्याच सुमारास काम संपत आले. १९९१ च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतली. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांच्या हातचे ‘मंगल’ अक्षर आले, आणि जे काम पूर्वी एक स्वतंत्र पाटी करी ते संगणकातला सर्वसाधारण कार्यक्रम करू लागला. जिस्टची खाच रिकामी झाली. त्या खाचेच्या शेजारी मग खेळांचे आणि चित्रांचे कार्ड आले, मोठमोठे पंखे लावून.

आता आजच्या अंधाराकडे वळता येईल. १९९९ च्या सुमारापासून मुख्य पाटीतच चित्राची सोय भरली जाऊ लागली, आणि पुढे ती प्रोसेसरात गेली. त्यामुळे संगणकाच्या पाठीमागे वर एक खोबण मदरबोर्डाची आणि खाली आडवी खोबण नव्या कार्डाची, अशी दोन दारे झाली. नवे कार्ड बसवणारा सवयीने केबल जुन्या दारालाच लावून ठेवतो. यंत्र मात्र नवे कार्ड दिसताच तिकडे लिहू लागते. १९८१ मधला दोन कार्डांचा घोटाळा तो हाच. म्हणून सर्वांत आधी केबल काढून खालच्या, कार्डाच्या खोबणीत लावावी, आणि मॉनिटरावर एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट यांपैकी योग्य वाट निवडलेली आहे हे पाहावे. बहुतेक घरांचा अंधार येथेच फिटतो. उलट जुने दार चालू आहे की नाही हे पाहावयाचे तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: काही प्रोसेसरांत चित्राची सोयच नसते, आणि अशा यंत्राचे मदरबोर्डावरील दार कायमचे मिटलेले असते.

दुसरा नाका विजेचा. आजच्या कार्डाला खाचेतून फार तर ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागत असल्यास एसएमपीएसमधून सहा टाचण्यांची तार आणखी ७५ आणि आठ टाचण्यांची १५० वॉट देते. ती तार जोडली नाही तर कार्डाचे पंखे फिरतात आणि चित्र येत नाही. फसवणूक होते ती पंख्यांमुळेच. २०२२ मध्ये आलेल्या बारा टाचण्यांच्या नव्या जोडणीतून ६०० वॉटपर्यंत वीज जाते. ती अर्धवट बसल्याने वितळल्याचा बोभाटा त्या वर्षाच्या अखेरीस झाला होता. खिटकन् आवाज होईपर्यंत दाबणे, हा यावरचा साधा उपाय. जुन्या एसएमपीएसची ताकदच अपुरी असेल, तर यंत्र सुरू होते न होते तोच बंद पडते. तो अंधार वेगळा. त्यात नम लॉकचा दिवाही लागत नाही.

तिसरा नाका खाचेचा. कार्ड जड असते, मागच्या बाजूने कललेले असते, आणि एका टोकाला केसाएवढी फट राहते. भोपाळची धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा सोनेरी पट्ट्यांवर थर चढवते. गल्लीतला कारागीर खोडरबराने त्या पट्ट्या हळूच पुसतो, मऊ ब्रशाने झाडतो आणि कार्ड पुन्हा बसवतो. ही पद्धत हास्यास्पद वाटली तरी अनेकदा गुणकारी ठरते. मात्र हात लावण्यापूर्वी वीज काढून घ्यावी आणि कॅबिनेटाच्या लोखंडाला एकवार स्पर्श करावा. कोरड्या हवेत अंगावर साठणारी विजेची ठिणगी माणसाला कळतही नाही, आणि चिपला ती पुरेशी असते.

चौथा नाका सर्वांत फसवा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. २०१२ च्या सुमारापासून संगणकाची जागे होण्याची रीतच बदलली आणि यूईएफआय नावाची नवी व्यवस्था रूढ झाली. तिला कार्डाच्या चिपमध्ये नव्या धर्तीच्या सूचना हव्या असतात. जुने कार्ड नव्या यंत्रात घातले तर दोघांची भाषा जुळत नाही, आणि विंडोज उघडेपर्यंत, कधी त्यानंतरही, काही दिसत नाही. याच्या उलट, नवे कार्ड जुन्या मदरबोर्डावर बसवले तर मदरबोर्डाच्या बायोसची नवी आवृत्ती चढवावी लागते. सेटिंगांचा घोळ झाला असल्यास बोर्डावरची ३ व्होल्टची चपटी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवतात. बोर्डाच्या आठवणी पुसल्या जातात आणि तो मूळ पदावर येतो. विंडोजचे चिन्ह दिसून मग पडदा अंधारत असेल, तर दोष लोखंडाचा नसून जुन्या ड्रायव्हराचा आहे असे समजावे. सेफ मोडमध्ये यंत्र उघडून तो काढून टाकला म्हणजे वाट मोकळी होते.

हे सारे नाके तपासूनही अंधार हटला नाही, तर शेवटची कसोटी जुन्याच कार्डाची. नवे काढून जुने बसवावे, आणि मागे मदरबोर्डाची खोबण चालू असल्यास एकदा त्यावरही पाहावे. जुन्याने चित्र दिले, म्हणजे मॉनिटर, केबल आणि यंत्र तिघेही निर्दोष ठरले; संशय नव्या कार्डावर किंवा त्याला पुरणाऱ्या विजेवर उरतो. मग तेच नवे कार्ड शेजारच्या, अधिक ताकदीच्या संगणकात लावून पाहावे. तेथेही ते मुकेच राहिले, तर त्याला त्याच्या खोक्यात, त्याच वेष्टनात गुंडाळून दुकानी परत न्यावे. हमीपत्र आणि बिल फेकून दिलेले नसले म्हणजे झाले.